जागा दोन गेल्या, राज्यं चार आली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अमेरिकेची निवडणूक आमच्या अमळनेरच्या टपरीवर कशी पोचली ते आधी सांगतो, म्हणजे पत्र कशासाठी ते कळेल. नोव्हेंबर २०२४, तुमच्या पेपरात मथळा होता की काँग्रेसवर रिपब्लिकनांचा ताबा, अन टपरीवर रोज पेपर पहिला हातात घेणारे एक आप्पा आहेत, सत्तरीच्या पुढचे, कापसाचे शेतकरी, चष्मा कायम कपाळावर, त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला अन मला विचारलं, "सर, काँग्रेस तठे बी शे का भो?" सगळे हसले, मीही हसलो, पण चूक आप्पांची नव्हती. आपल्याकडे काँग्रेस म्हणजे पंजा, तिकडे काँग्रेस म्हणजे संसद, एवढं एका ओळीत लिहायला काय लागतं. पण जाऊ द्या, माझी तक्रार त्या मथळ्याची नाहीच.

तक्रार आहे आतल्या पानावरच्या चार ओळींची. डिसेंबरात मोजणी पूर्ण संपल्यावर तुम्ही छापलं की हाऊसमध्ये (म्हणजे त्यांची लोकसभा) रिपब्लिकन २२०, डेमोक्रॅट २१५, आधी २२२ अन २१३ होते, सबब परिस्थिती जवळपास जैसे थे. आता मी तीस वर्षं गणित शिकवलंय, उत्तरपत्रिकेत "जैसे थे" असं कोणी लिहिलं की मला पहिली शंका ही येते की पोराने मधल्या पायऱ्या गाळल्यात. त्याच रविवारी भाच्याचा फोन आला, तो मिशिगनमध्ये लान्सिंगला असतो, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे त्यामुळे मत नाही पण राजकारणाचा किडा आमच्या घरातलाच, मी त्याला म्हटलं की तुमच्याकडे काही बदललं नाही म्हणे, तर तो म्हणाला, "मामा, काही बदललं नाही कसलं, आमच्या एका सीटने अख्खं राज्य उलटं केलं."

मग त्याने जे सांगितलं त्यावर मी पुढचे तीन-चार दिवस वही घेऊन बसलो. बायको म्हणाली रिटायर झालात तरी पेपर तपासणं सुटलं नाही.

तर विषय असा. अमेरिकेत ५० राज्यं, हाऊसच्या ४३५ जागा. प्रत्येक राज्याचे जेवढे हाऊसचे खासदार तेवढ्यांचा एक गट धरतात, त्याला ते डेलिगेशन म्हणतात. आपल्याकडे त्याचं शिष्टमंडळ करतात पण शिष्टमंडळ म्हटलं की डोळ्यापुढे कलेक्टर ऑफिसवर निवेदन द्यायला जाणारी आठ-दहा माणसं अन फोटोत पुढे घुसणारा एक जण येतो, म्हणून मी सरळ "राज्याचे खासदार" असंच म्हणतो. राज्याच्या खासदारांत ज्या पार्टीचे जास्त ते राज्य त्या पार्टीच्या खात्यात. सारखे असले तर टाय. बस, एवढंच. अन या हिशोबाने बघितलं तर २०२२ च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकनांकडे २६ राज्यं होती, डेमोक्रॅटांकडे २२, दोन टाय. २०२४ नंतर रिपब्लिकन ३०, डेमोक्रॅट १८, दोन टाय. म्हणजे रिपब्लिकनांच्या जागा दोन कमी झाल्या अन राज्यं चार वाढली. याला जैसे थे म्हणायचं का?

आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हाई काय गणित शे भो?" म्हणून मी त्यांना घरचं उदाहरण दिलं, अन तेच तुम्हालाही देतो, कारण खान्देशात हे गणित डोळ्यासमोर झालेलं आहे.

आपल्या खान्देशात लोकसभेच्या चार जागा, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. २०१९ ला चारही भाजपच्या. ४-०. मग ४ जून २०२४ चा रिझल्ट. जळगावला स्मिता वाघ अडीच लाखांहून जास्त लीडने, रावेरला रक्षा खडसे त्याही अडीच लाखांच्या वरच. तिकडे नंदुरबारला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाच्या वर लीड घेऊन निवडून आले, हा जुना काँग्रेसचा गड, माणिकराव गावितांनी नऊ वेळा जिंकलेला अन २०१४ ला हातातून गेलेला, तो परत आला. अन धुळे. धुळ्याला शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी. त्या दिवशी मी दुपारभर मोबाईल खाली ठेवला नव्हता, शेजारच्या घरात पूजा होती तिथे आरतीला उभा राहिलो तरी एक हात खिशात. तर ३,८३१ मतं, आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन बऱ्यापैकी गावांची मतं म्हणा, तेवढ्यावर खान्देश ३-१ चा २-२ झाला. जळगाव अन रावेरचे मिळून पाच लाखांचे लीड एकीकडे अन धुळ्याचे ३,८३१ एकीकडे, पण खान्देश कोणाचा हे ठरवण्यात धुळ्याचा लीड भारी पडला. आप्पांना हे लगेच पटलं, कारण त्या दिवशी धुळ्याच्या निकालावर त्यांनी कोणाशी तरी शंभर रुपयांची पैज लावली होती अन हरली होती. (पैज कोणाशी ते लिहीत नाही.)

आता तुमच्या पेपराचं यात काय चुकतं ते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विभागवार तक्ता छापता, विदर्भ, मराठवाडा, कोकण, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र. त्यात खान्देश नसतोच, उत्तर महाराष्ट्रात नाशिक, दिंडोरी, नगर, शिर्डी अन आमच्या चार जागा एकत्र टाकता. त्या आठ जागांत महाविकास आघाडी ६, महायुती २. छापलं ६-२ अन मोकळे. वाचणाऱ्याला वाटतं की जळगाव जिल्ह्यात पण आघाडीची लाट आली होती की काय, जेव्हा की महायुतीचे ते दोन्ही खासदार जळगाव जिल्ह्यातलेच अन अडीच-अडीच लाखांनी. चौकट कुठे आखली त्यावर निकाल दिसतो. नाशिकवाल्यांची चौकट वेगळी आखा, तिथे ४-०, आमची वेगळी आखा, इथे २-२. वर्षानुवर्षं आम्हाला नाशिकच्या शेपटाला बांधलंय, ऑफिसं तिकडे, आयुक्त तिकडे, आता तक्ताही तिकडे.

असो, अमेरिका. जागा कमी झाल्या तर राज्यं वाढली कशी, हा खरा प्रश्न आहे अन याच्यासाठीच मी वहीत दोन रकाने केले. एका रकान्यात डेमोक्रॅटांनी २०२२ च्या तुलनेत कमावलेल्या जागा, दुसऱ्यात गमावलेल्या. कमावलेल्या अशा, कॅलिफोर्निया ३, न्यूयॉर्क ४ (त्यातली एक मधल्या पोटनिवडणुकीतच आली होती), ओरेगॉन १, अलाबामा १, लुईझियाना १. झाल्या १०. गमावलेल्या, नॉर्थ कॅरोलिना ३, पेनसिल्व्हानिया २, मिशिगन १, कोलोराडो १, अलास्का १. झाल्या ८. दहा वजा आठ दोन, २१३ अधिक दोन २१५, ताळा बरोबर.

आता त्याच रकान्यांना राज्याचा चष्मा लावून बघा. कॅलिफोर्नियात ५२ जागा, डेमोक्रॅट ४० वरून ४३ झाले, पण राज्य आधीपासून त्यांचंच, ४० काय अन ४३ काय. न्यूयॉर्क २६ जागा, १५-११ चं १९-७ झालं, राज्य आधीच त्यांचं. ओरेगॉन तसंच. अलाबामा अन लुईझियानात कोर्टाच्या निकालांमुळे मतदारसंघांचे नवे नकाशे झाले, एकेक जागा वाढली पण ती दोन्ही राज्यं रिपब्लिकनांचीच राहिली. म्हणजे कमावलेल्या दहापैकी एकाही जागेने राज्य हललं नाही. उलट गमावलेल्या आठ जागांनी पाच राज्यं हलली. पाचच्या पाच! मिशिगन डेमोक्रॅटांकडे ७-६ होतं ते रिपब्लिकनांकडे ७-६ झालं, भाच्याच्या लान्सिंगची ती एक जागा. पेनसिल्व्हानिया ९-८ चं उलटं होऊन रिपब्लिकन १०, डेमोक्रॅट ७. अलास्काला जागाच एक, ती गेली की राज्य गेलं. नॉर्थ कॅरोलिना ७-७ टाय होतं ते रिपब्लिकनांकडे १०-४ झालं. कोलोराडो ५-३ वरून ४-४, म्हणजे टाय, तिथे ती जागा अडीच हजाराच्या आत मतांनी फिरली, आपल्या धुळ्यापेक्षाही कमी. मिनेसोटा ४-४ होतं ते तसंच राहिलं.

हे मी आप्पांना असं सांगितलं की समजा पाण्याची पाळी आहे अन एका माणसाने भरलेल्या विहिरीतच आणखी दहा बादल्या ओतल्या, दुसऱ्याने कोरड्या वाफ्यात आठ ओतल्या, पीक कोणाचं येणार. आप्पा म्हणाले पाळी रात्रीची असेल तर कोणाचंच येणार नाही, लाईट नसते. ते बरोबर आहे पण विषय वेगळा.

नॉर्थ कॅरोलिनाचं जरा थांबून सांगण्यासारखं आहे, कारण तिथे मतदार फिरला नाही, नकाशा फिरला. २०२२ ला कोर्टाने आखलेल्या नकाशावर निवडणूक झाली, निकाल ७-७. मग त्याच राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश निवडणुकीत बदलले (तिकडे न्यायाधीश पण निवडून येतात, हे ऐकून माझे एक वकील मित्र दोन मिनिटं गप्प बसले), २०२३ मध्ये नव्या कोर्टाने जुना निर्णय फिरवला, राज्याच्या विधिमंडळाने नवा नकाशा आखला, अन तीन डेमोक्रॅट खासदारांनी मतदारसंघ बघूनच पुन्हा उभं राहायचं सोडून दिलं. मतदानाच्या आधीच राज्य गेलं.

आपल्याकडे मतदारसंघ आखायला आयोग असतो, तिकडे बऱ्याच राज्यांत विधिमंडळच आखतं, म्हणजे खेळणाऱ्याच्याच हातात चुन्याची डबी अन मैदान. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही, २००८ च्या फेररचनेत आमचा एरंडोल मतदारसंघ गेला, रावेर नवा आला अन त्याला बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर जोडलं, मालेगाव लोकसभा बंद होऊन मालेगाव अन बागलाण धुळ्याच्या ताटात आले. धुळ्याची निवडणूक आता निम्मी नाशिक जिल्ह्यात होते. कोणत्याही धुळेकराला विचारा, २०२४ चा निकाल सांगताना तो आधी मालेगावच सांगेल.

आता तुम्ही विचाराल, अन विचारायलाच पाहिजे, की राज्यं मोजून करायचं काय, कायदे तर ४३५ जणांच्या बहुमताने होतात. खरं आहे. रोजच्या कामात या मोजणीचा काडीचा उपयोग नाही. पण त्यांच्या घटनेत बारावी दुरुस्ती म्हणून आहे, १८०४ ची. राष्ट्राध्यक्षाला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्याराज्यांना वाटून दिलेली मतं) लागतात, ती कोणालाच मिळाली नाहीत, २६९-२६९ झालं किंवा तिसऱ्या माणसाने मतं खाल्ली, तर अध्यक्ष हाऊस निवडतं. अन तिथे माणशी एक मत नाही, राज्याला एक मत. राज्याचे खासदार आपसात ठरवतात अन एकच मत टाकतात. ५० पैकी २६ ज्याला तो अध्यक्ष. टाय झालेल्या राज्याचं मत मोजतच नाहीत. शून्य. ग्रामपंचायतीला समान मतं पडली तर आपण चिठ्ठी काढतो, कोणी तरी निवडून येतो, तिथे तीही सोय नाही.

म्हणजे त्या नियमाने आपला खान्देश आज २-२, मत शून्य. आप्पांनी लगेच विचारलं, "मंग आपलं मत कोनले गयं?" मी म्हटलं कोणालाच नाही. ते म्हणाले मग तशी काय वेगळी परिस्थिती आहे.

अन वायोमिंग म्हणून एक राज्य आहे, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ७७ हजाराच्या आसपास, खासदार एक. कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख, खासदार ५२. या प्रसंगात दोघांना एकेक मत. आमच्या एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ लाच ४२ लाखांवर होती, म्हणजे जिल्ह्यात सात वायोमिंग बसतील. राजधानी वॉशिंग्टन शहराला एरवी अध्यक्षाच्या निवडणुकीत तीन इलेक्टोरल मतं आहेत, पण प्रकरण हाऊसमध्ये गेलं की त्यांना एकही मत नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं, भाचा म्हणतो मामा ते संघराज्य आहे, राज्यांनी मिळून देश केलाय म्हणून राज्य हा घटक. मी म्हटलं घटक असू दे पण माणसं कुठे गेली. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

कोणी म्हणेल असं कधी झालंय का. झालंय, दोनदा, अन दोन्ही किस्से भारी आहेत. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन अन बर या एकाच पार्टीच्या दोघांना सारखी ७३ मतं पडली (तेव्हाचा नियमच तसा विचित्र होता, त्याच्यामुळेच पुढे ती बारावी दुरुस्ती आली). प्रकरण हाऊसमध्ये. राज्यं १६, जिंकायला ९ पाहिजेत. फेब्रुवारी १८०१ मध्ये मतदान सुरू, जेफरसनला ८, बरला ६, अन मेरीलँड अन व्हरमाँट ही दोन राज्यं आतल्या आत टाय म्हणून बाद. परत मतदान, परत तेच. एक-दोनदा नाही, ३५ वेळा तेच! आपल्याकडे सोसायटीच्या चेअरमनची निवड दोनदा लांबली तर लोक एकमेकांच्या अंगावर जातात. शेवटी डेलावेअर, त्याचा एकच खासदार, बेयार्ड नावाचा, तो बरच्या बाजूचा होता त्याने माघार घेऊन कोरी चिठ्ठी टाकली, मेरीलँड अन व्हरमाँटमधल्या विरोधकांनीही हात आखडता घेतला तशी ती दोन राज्यं जेफरसनकडे गेली, अन १७ फेब्रुवारीला ३६ व्या फेरीत जेफरसन १० राज्यांनी अध्यक्ष झाला. टाय सुटला म्हणून देशाला अध्यक्ष मिळाला.

दुसरा किस्सा ९ फेब्रुवारी १८२५ चा. अँड्र्यू जॅक्सनला सगळ्यात जास्त ९९ मतं, अ‍ॅडम्सला ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. बहुमत कोणालाच नाही. हाऊसमध्ये राज्यं २४, लागतात १३. अ‍ॅडम्सला पहिल्याच फेरीत बरोब्बर १३ मिळाली अन पहिल्या नंबरचा जॅक्सन ७ वर राहिला. त्या तेरातलं न्यूयॉर्क बघा, ३४ खासदार, त्यातले १८ अ‍ॅडम्सकडे, एक जरी इकडचा तिकडे झाला असता तर १७ म्हणजे निम्मेच, राज्य गेलं असतं अन तेरा नंबरही गेला असता. त्या काठावरच्या खासदाराची, व्हॅन रेन्सेलेअरची गोष्ट सांगतात की मन ठरत नव्हतं म्हणून त्याने मान खाली घालून देवाची प्रार्थना केली, डोळे उघडले तर पायाशी अ‍ॅडम्सच्या नावाची चिठ्ठी पडलेली, तीच उचलून टाकली. गोष्ट खरी की रचलेली माहीत नाही पण आपल्याकडे झेडपीच्या अध्यक्षपदाच्या दिवशी चिठ्ठ्या पायाशी नाही, हॉटेलच्या रूमवर पडतात एवढाच फरक. इलिनॉय राज्याचा तर खासदारच एक होता, तिथे जॅक्सनला जास्त इलेक्टोरल मतं पडलेली तरी त्याने राज्याचं मत अ‍ॅडम्सला दिलं, अन पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं. नंतर अ‍ॅडम्सने आपल्याला पाठिंबा देणाऱ्या क्लेला परराष्ट्रमंत्री केलं, जॅक्सनवाल्यांनी सौदेबाजी म्हणून चार वर्षं बोंब मारली अन १८२८ ला जॅक्सन निवडून आलाच.

त्यानंतर दोनशे वर्षांत ही वेळ आली नाही. म्हणून हे कलम म्हणजे माळ्यावरची जुनी ट्रंक आहे, मान्य. पण ट्रंकेत काय आहे ते दर दोन वर्षांनी बदलतं अन ते बघायला गंमत येते. २०१८ ला डेमोक्रॅटांची लाट आली, ४० जागा वाढल्या, २३५ झाले, तरी राज्यं मोजली तर रिपब्लिकनांकडे २६ होतीच. ३२ वरून २६ वर आले पण नेमके २६ वर थांबले, म्हणजे जेवढी लागतात तेवढीच शिल्लक. डेमोक्रॅट २२, मिशिगन ७-७ अन पेनसिल्व्हानिया ९-९ टाय. २०२० ला हाऊसमध्ये डेमोक्रॅटांचं बहुमत टिकलं, २२२ विरुद्ध २१३, पण राज्यं रिपब्लिकन २७, डेमोक्रॅट २०, तीन टाय. म्हणजे तेव्हा जर २६९-२६९ झालं असतं तर ज्या सभागृहात डेमोक्रॅट जास्त, त्याच सभागृहाने रिपब्लिकन अध्यक्ष निवडला असता. बायडेन ३०६ घेऊन आले म्हणून वेळ टळली.

अन त्या २०२० मधली आयोवा राज्याची एक जागा तर मी वर्गात सांगितली असती. एकूण मतं तीन लाख नव्वद हजारांच्या वर, अन निकाल लागला सहा मतांनी. सहा! हजार नाही, शंभर नाही, सहा. आयोवाला चार जागा, बरोबर आपल्या खान्देशाएवढ्या. आधी डेमोक्रॅट ३-१, ती सहा मतं इकडची तिकडे झाली असती तर २-२ टाय, झालं ते रिपब्लिकन ३-१. एका घरातल्या माणसांनी राज्य एका खात्यातून दुसऱ्यात नेलं म्हणायला हरकत नाही, आमच्याकडे दोन भाऊ एकत्र राहत असले तरी घरात सहा मतं असतात.

अलास्काचं अजून एक. तिथे पसंतीक्रमाने मतदान आहे, एक दोन तीन असे नंबर टाकायचे. हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण आमच्या नाशिक शिक्षक मतदारसंघात आम्ही हेच करत आलो, जांभळ्या पेनाने आकडे टाकायचे, आपलं पेन वापरलं की मत बाद, अन मोजणी रात्र रात्र चालते, बाद फेरीत खालच्याची मतं वर सरकत जातात. अलास्कात २०२२ ला याच पद्धतीने मेरी पेल्टोला डेमोक्रॅट निवडून आल्या अन अख्खं राज्य डेमोक्रॅट झालं, २०२४ ला निक बेगिच रिपब्लिकन आले, अख्खं राज्य परत रिपब्लिकन. एका माणसाचा मोबदला एक राज्य.

आता तुम्ही सध्या ज्या बातम्या देताय, टेक्सासने २०२५ मध्ये नकाशा बदलला पाच जागांसाठी, उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ ला लोकांचं मत घेऊन आपला नकाशा बदलला, तोही पाच जागांसाठी. मोठमोठे मथळे. पण राज्याच्या हिशोबात बघा, टेक्सास ३८ पैकी २५ रिपब्लिकन आधीच, कॅलिफोर्निया ५२ पैकी ४३ डेमोक्रॅट आधीच, पाच इकडे झाल्या काय अन तिकडे झाल्या काय, राज्यांचा आकडा तोच. भरलेल्या विहिरीतल्या बादल्या. खरं बघायचं ते कोलोराडो अन मिनेसोटा, ४-४ चे, रिपब्लिकनांकडचं मिशिगन ७-६ अन पेनसिल्व्हानिया १०-७, डेमोक्रॅटांकडचं व्हर्जिनिया ६-५. ३ नोव्हेंबर २०२६ ला पुन्हा ४३५ जागांची निवडणूक आहे, तेव्हा या पाच राज्यांवर बोट ठेवून बसा. मी भाच्याला म्हटलं की म्हणजे पुढच्या अध्यक्षाचं यांच्याच हातात, तर त्याने चूक काढली, नाही मामा, अध्यक्षाची वेळ आली तर नव्याने निवडून आलेलं हाऊस मत देतं, म्हणजे २०२८ ला निवडून येतील ते. मास्तरची चूक भाच्याने काढली, घरात दोन दिवस चर्चा.

कोणी म्हणेल अमळनेरच्या माणसाला हे कशाला. कापूस उत्पादकाला विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडून आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लागला, कापड गिरण्यांना सांभाळायला आपल्या सरकारने कापसाच्या आयातीवरची ११ टक्के ड्युटी काढली, आधी सप्टेंबरपर्यंत मग डिसेंबरपर्यंत, अन आमच्याकडे वेचणी सुरू व्हायच्या आधीच भावाची चर्चा खाली घसरली. आप्पा तेव्हापासून अमेरिकेची बातमी पहिल्या ओळीपासून वाचतात.

राष्ट्राध्यक्षाचा विषय निघालाच आहे तर आमच्या जिल्ह्याचाही राष्ट्रपती होऊन गेलाय, प्रतिभाताई पाटील, बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या, २००७ ला. त्या वेळी शिवसेना एनडीएत असून मराठी माणूस म्हणून त्यांच्या बाजूने गेली होती, राज्य म्हणून मत टाकणं आपल्याकडे कायद्यात नाही पण मनात आहे ते तेव्हा दिसलं. आपल्याकडे आमदाराच्या मताला वजन असतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७, अन हे वजन अजून १९७१ च्या लोकसंख्येवर. म्हणजे आपलंही काट्यावरचं वजनमाप पन्नास वर्षांपूर्वीचं, पण निदान सिक्कीम अन उत्तर प्रदेश एकाच पारड्यात सारखे नाहीत.

तर विनंती एवढी की २०२६ च्या नोव्हेंबरात ४३५ चा तक्ता छापाल त्याच्या शेजारी ५० राज्यांचा एक छोटा तक्ता छापा, कोणाकडे किती राज्यं, किती टाय, आधी किती होती. चार ओळी जागा लागेल. अन आपल्या निवडणुकीला खान्देशाचा रकाना वेगळा काढा, नाशिकमध्ये मिसळू नका. अमेरिकेचा तक्ता माझ्याकडे २०१८ पासूनचा तयार आहे, शंभर पानी वहीत, लाल पेनाने टाय दाखवलेत. फोटो मला नीट काढता येत नाही, मुलगा रविवारी पुण्याहून येतो त्याला सांगून पाठवतो.

आपला वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव

ता. क. आप्पांचं म्हणणं आहे की मथळ्यात काँग्रेस लिहिलं तर पुढे "अमेरिकेची" एवढं तरी टाका, पैजेचे शंभर रुपये तसेही गेलेत पण परत गैरसमज नको.